मोटारीतील अबोला कसा शोधावा?

गेल्या दिवाळीत अंबड तालुक्यातील आमच्या एका नातेवाइकांची मोटार सुरूच होईना. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये ती पंधरा दिवस उभी होती. बॅटरी चांगली, टाकीत डिझेल. पण डॅशबोर्डवर तीन-चार दिवे एकदम लागलेले. गाडी ओढून जालन्याला आणली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा ब्रेकच्या, स्टिअरिंगच्या आणि डॅशबोर्डच्या नियंत्रकांनी एकच तक्रार नोंदवलेली दिसली: यू-०१००, म्हणजे 'इंजिनाच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला'. निष्कर्ष सोपा वाटला. इंजिनाचा नियंत्रक गेला, नवा बसवा. त्याची किंमत ऐकून घरची मंडळी गप्प झाली.

पण 'संपर्क तुटला' आणि 'नियंत्रक बिघडला' ही दोन विधाने एकच आहेत का? वर्गात एखादा विद्यार्थी हाकेला ओ देत नाही, म्हणजे तो मुका आहे असे आपण म्हणत नाही. कदाचित हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नसेल.

आजच्या मोटारीत अनेक छोटे संगणक असतात. प्रत्येकाला प्रत्येकाशी स्वतंत्र तारांनी जोडले, तर तारांचे जंजाळ होईल. म्हणून बॉश या जर्मन कंपनीने 'कॅन' ही पद्धत विकसित केली आणि १९८६ साली ती जगापुढे मांडली. १९९३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. या पद्धतीत सर्व नियंत्रक एकाच दोन-तारी वाहिनीवर बोलतात. शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेशाचा ठोका आला, की एक तार ३.५ व्होल्टपर्यंत चढते आणि दुसरी १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा नियंत्रक फक्त दोन तारांमधला फरक पाहतो. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखाच उमटतो आणि फरकातून वजा होतो.

वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिला, तर लाट भिंतीवरून परत येते. तारेच्या मोकळ्या टोकावरून संदेशही तसाच परततो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. टोकाचा रोध ही लाट शोषून घेतो. बऱ्याच गाड्यांत हे रोध टोकाच्या नियंत्रकांच्या आतच असतात.

आता आपला शाळेतला नियम आठवू. समांतर जोडलेले १२० ओहमचे दोन रोध मिळून ६० ओहम होतात. म्हणून बॅटरी सोडवून, काही मिनिटे थांबून, स्टिअरिंगखालच्या तपासणी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये साध्या मल्टिमीटरने रोध मोजतात. (काही गाड्यांत तिथून वाहिनीचा एकच भाग दिसतो, त्यासाठी गाडीचा आराखडा पाहावा.) सुमारे ६० आले, तर मुख्य वाहिनी टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे. १२० आले, तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

आमच्या गाडीत १२० आले. मग इलेक्ट्रिशियनने इंजिनाच्या नियंत्रकाचा कनेक्टर काढला. सॉकेटवरचा आकडा १२० च राहिला. म्हणजे तो नियंत्रक आधीपासूनच वाहिनीपासून तुटलेला होता. नंतर त्याच्याच दोन पिनांमध्ये मोजले, तेव्हा तिथेही १२० आले. दोन्ही टोकांचे रोध शाबूत, मग दोष मधल्या वाटेत! तारांचा जुडगा उलगडला, तेव्हा एक तार उंदराने कुरतडलेली सापडली. ती डाख देऊन जोडली, पीळ पुन्हा दिला, वरून वेष्टन चढवले. आकडा ६० झाला आणि गाडी सुरू झाली.

६० आले म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. एखाद्या नियंत्रकाकडे जाणारा फाटा तुटला किंवा तार गाडीच्या सांगाड्याला टेकली, तरी आकडा ६० च राहू शकतो. तेव्हा बॅटरी जोडून प्रत्येक तारेचे व्होल्ट पाहावे लागतात, आणि गप्प बसलेल्या नियंत्रकाला वीज व अर्थिंग मिळते का, हे तपासावे लागते. एअरबॅगच्या तारांना मात्र मीटर कधीही लावू नये.

हे निदान वर्गात करून पाहता येते. दोन-तीन मीटर लांबीच्या दोन तारा घ्या. दोन्ही टोकांना १२० ओहमचे (तपकिरी, लाल, तपकिरी पट्ट्यांचे) रोध जोडा आणि मध्यभागी मीटर लावा. एका गटाने तारा कापडाखाली झाकून दोष निर्माण करावा. दुसऱ्याने केवळ आकडा वाचून तो ओळखावा. दोन तारांपैकी एकच तोडली, तर किती ओहम येतील? उत्तर आधी वहीत लिहायला सांगा, मग मोजू द्या.

यंत्र तक्रार सांगते, कारण सांगत नाही. कारण शोधण्यासाठी मोजावे लागते, आणि त्यासाठी लागणारे गणित आपण माध्यमिक शाळेतच शिकवतो.