इपॉक्सी निवडण्याआधी काँक्रीटची ओल बघा

रेवदंड्याला एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी. अशा ठिकाणी गॅरेजमधलं इपॉक्सी पापुद्र्यासारखं सुटलं, की आपण मालाला दोष देतो. पण बऱ्याचदा थर शाबूत असतो, काँक्रीटवरची पकड सुटते. जमिनीतली ओल वर येऊन थराखाली अडकते.

म्हणून आधी एएसटीएम डी 4263 ची साधी चाचणी: 18 इंची चौकोनी प्लास्टिक ठेवा, कडा टेपने बंद करा, किमान 16 तासांनी उचला. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर ओल आहे. मग आधी ओल सहन करणारा प्रायमर, नंतर ब्रँडची चर्चा. मे महिन्यात कोरडं आलं तरी पावसाळ्यात पुन्हा बघा.

संशोधनातही हेच. दोन कोटिंगची तुलना करताना खालची ओल सारखी नसेल, तर तुम्ही ओलच मोजाल आणि तिला टिकाऊपणा म्हणाल.