प्रश्न कोणी लिहायचा? कॅलिफोर्नियातील जनोपक्रमाची शंभर वर्षे

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे दोन चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाला. या जनमत कौलाविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, पण त्यातली एक साधी गोष्ट सहसा नजरेतून सुटते. उत्तर गोवेकरांनी दिले, परंतु प्रश्न त्यांनी लिहिला नव्हता. तो संसदेने केलेल्या कायद्यातून आला होता. कौल कधी घ्यायचा आणि पर्याय कोणते ठेवायचे, हे सारे वरून ठरले होते.

सरकारने लोकांना विचारणे आणि लोकांनी सरकारला बाजूला सारून स्वतःच प्रश्न मांडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत ‘इनिशिएटिव्ह’ म्हणतात; आपण ‘जनोपक्रम’ म्हणू. नागरिकांनी कायद्याचा मसुदा तयार करायचा, ठरलेल्या संख्येने सह्या गोळा करायच्या आणि तो थेट मतपत्रिकेवर न्यायचा. विधिमंडळाची परवानगी लागत नाही. भारतीय राज्यघटनेत अशी तरतूद नाही. स्वित्झर्लंडमध्ये घटनेत अंशतः दुरुस्ती सुचवण्याचा हा हक्क १८९१ पासून आहे. अमेरिकेत १८९८ साली साउथ डकोटाने तो प्रथम स्वीकारला आणि आज तो २४ राज्यांत आहे. मात्र या हत्याराची धार आणि त्याने झालेल्या जखमा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या कॅलिफोर्नियात.

रेल्वेचे राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाचे राजकारण ‘सदर्न पॅसिफिक’ या रेल्वे कंपनीच्या मुठीत होते. धान्य आणि फळे बाजारात न्यायची तर तिच्याच रुळांवरून. भाडे कंपनी ठरवी आणि दोन्ही पक्षांच्या उमेदवारांवरही तिचेच वजन पडे. भाड्यांवर देखरेख करणारे मंडळ नेमले गेले, तेही तिच्या प्रभावाखाली गेले. फ्रँक नॉरिसच्या १९०१ च्या कादंबरीचे नावच ‘द ऑक्टोपस’ होते.

निवडून दिलेला माणूसच विकला गेला तर मतदाराने काय करायचे? पुढच्या निवडणुकीत दुसरा निवडावा, तर कंपनी त्यालाही विकत घेईल. लॉस एंजेलिसमधील डॉक्टर जॉन रँडॉल्फ हेन्स यांनी या पेचावर उत्तर सुचवले. कायदा करण्याच्या अधिकाराची एक किल्ली लोकांच्याच हाती ठेवायची. त्यांच्या प्रयत्नांनी १९०३ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या सनदेत जनोपक्रम आला. १९१० मध्ये हायरम जॉन्सन यांनी रेल्वेला राजकारणातून हाकलण्याचे वचन देत, मोटारीतून राज्यभर फिरून गव्हर्नरपद जिंकले. १० ऑक्टोबर १९११ रोजी २३ घटनादुरुस्त्या मतदारांपुढे आल्या. त्यांत जनोपक्रम होता, विधिमंडळाने केलेला कायदा लोकांपुढे आणण्याची सोय होती आणि निवडून आलेल्याला परत बोलावण्याचा हक्कही होता. स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्ती त्याच दिवशी जेमतेम साडेतीन हजार मतांच्या फरकाने मंजूर झाली. म्हणजे ‘लोकांच्या हाती किल्ली’ देण्याचा निर्णय फक्त पुरुषांनी घेतला होता. ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न या व्यवस्थेच्या पाळण्यातच होता.

यंत्र कसे चालते

आज तेथे साध्या कायद्यासाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीत झालेल्या मतांच्या ५ टक्के, तर घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या मतदानानुसार हे आकडे अनुक्रमे सुमारे साडेपाच लाख आणि पावणेनऊ लाख होतात. मुदत १८० दिवसांची. मसुदा नागरिकांचा असला तरी मतपत्रिकेवरचे शीर्षक आणि सारांश राज्याचा ॲटर्नी जनरल लिहितो. साध्या बहुमताने प्रस्ताव मंजूर होतो.

सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र त्यापुढचे आहे. अशा रीतीने झालेला कायदा विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही. प्रस्तावातच तशी मुभा ठेवली नसेल, तर प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा मतदारांकडे जावे लागते. लाचखाऊ आमदारांनी लोकांचा कायदा मागच्या दाराने मोडू नये म्हणून ही कडी घातली होती. ती कडी दोन्ही बाजूंनी लागते, हे पुढे कळले.

जिथे अंकुश खरोखर लागला

सत्ताधारी स्वतःच्या हिताविरुद्ध कायदा करत नाहीत, आणि जनोपक्रम सर्वांत उपयोगी ठरतो तो नेमका तिथे. समुद्रकिनारा बांधकामांपासून वाचवणारी विधेयके विधिमंडळात एकामागून एक पडत होती. १९७२ मध्ये नागरिकांनी ‘प्रस्ताव २०’ आणून किनारा नियंत्रणाचे आयोग उभे केले. १९७४ मध्ये ‘प्रस्ताव ९’ने निवडणूक खर्च आणि लॉबीवाल्यांचे व्यवहार उघड करणे बंधनकारक केले.

त्याहून बोलके उदाहरण २००८ च्या ‘प्रस्ताव ११’चे. तोवर राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ आखण्याचे काम आमदारच करत; म्हणजे मतदार आमदार निवडण्याऐवजी आमदार आपले मतदार निवडत. हा अधिकार काढून १४ नागरिकांच्या आयोगाकडे देण्यात आला. पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन आणि चार या दोन्ही पक्षांबाहेरचे. प्रस्ताव निसटत्या बहुमताने तरला. स्वतःच्या खुर्चीचा पाया हलवणारा असा कायदा कुठलेही विधिमंडळ आपणहून करील, हे संभवत नाही.

अंकुशाचा पाश होतो तेव्हा

१९७० च्या दशकात घरांच्या किमती वेगाने चढल्या आणि त्यांच्याबरोबर मालमत्ता करही. पगार तोच, घर तेच, कर मात्र फुगलेला. निवृत्त माणसांना स्वतःच्या घरात राहणे परवडेना. राज्याच्या तिजोरीत शिल्लक साचत होती, तरी विधिमंडळाला वेळेवर तोडगा काढता आला नाही. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांच्या ‘प्रस्ताव १३’ला ६ जून १९७८ रोजी सुमारे ६५ टक्के मते मिळाली. कर मूल्याच्या १ टक्क्यावर गोठला. मूल्यांकन १९७५-७६ च्या पातळीवर नेले गेले आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढणार नाही, असे ठरले. राज्याचे कर वाढवण्यासाठी विधिमंडळात दोनतृतीयांश बहुमत सक्तीचे झाले.

तक्रार खरी होती, हे नाकारता येणार नाही. पण परिणाम पाहा. मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. शाळा आणि नगरपालिका पैशासाठी राज्याच्या राजधानीकडे पाहू लागल्या. सरकारला वेसण घालायला निघालेल्या मतदारांनी सत्ता आपल्या गावातून उचलून दूर नेऊन ठेवली. शेजारच्या दोन सारख्या घरांपैकी जुन्या मालकाचा कर नव्या मालकाच्या कराचा अंश ठरू लागला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद घटनाबाह्य ठरवला नाही. आणि हे सारे घटनेत कोरलेले असल्याने विधिमंडळाला त्यात हात घालता येत नाही.

बहुमताच्या हातातली लेखणी

दुसरा धोका अधिक जुना आणि अधिक कडू आहे, आणि तो आपल्या माणसांपर्यंत पोहोचला होता. नागरिकत्वास ‘अपात्र’ परकीयांना शेतजमीन घेऊ न देणारा कायदा कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९१३ मध्ये केला. त्यात पळवाटा होत्या. तीन वर्षांपर्यंत खंडाने जमीन कसता येई. १९२० मध्ये मतदारांनी जनोपक्रमाद्वारे, सुमारे तीनास एक बहुमताने, त्या बुजवल्या. मुख्य रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निकाल दिला. मग इम्पिरियल व्हॅलीत कापूस आणि भाजीपाला पिकवणारे पंजाबी शेतकरीही त्याच जाळ्यात सापडले. त्यांना मत नव्हते आणि प्रस्तावावर सही करण्याचाही हक्क नव्हता. १९५६ मध्ये मतदारांनीच हा कायदा रद्द केला, पण मधली ३६ वर्षे कोणाला परत मिळाली नाहीत.

१९६४ मध्ये घर विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा मतदारांनी ‘प्रस्ताव १४’ने निष्प्रभ केला. तो १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिमतः घटनाबाह्य ठरवला. इथे मतपेटी नव्हे, न्यायालय कामी आले.

सह्यांचा बाजार

हे हत्यार एका कंपनीच्या पैशाविरुद्ध घडवले गेले, आणि आज ते पैशाशिवाय उचलतही नाही. काही महिन्यांत लाखो सह्या गोळा करायच्या तर पगारी माणसे लागतात. त्यांच्यावर बंदी घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कोलोरॅडोच्या खटल्यात सांगितले. २०२० च्या ‘प्रस्ताव २२’मध्ये उबर, लिफ्ट आणि डोअरडॅश यांसारख्या कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. चालकांना कर्मचारी मानण्याची सक्ती कायद्याने येत होती, ती त्यांनी मतदारांकडूनच दूर करून घेतली. वर, विधिमंडळाला बदल करायचा तर सातअष्टमांश बहुमत हवे, अशी अट मसुद्यातच घातली. जॉन्सन यांनी लावलेली कडी कंपनीने आतून लावून घेतली.

म्हणून जनोपक्रम टाकाऊ ठरत नाही, पण एकटा अंकुश पुरत नाही हे दिसते. स्वित्झर्लंडमध्ये सह्यांना १८ महिने मिळतात, संसद प्रतिप्रस्ताव मांडू शकते, १९८७ पासून मतदाराला दोन्हींना होकार देता येतो, आणि घटनादुरुस्तीला मतदारांबरोबर कॅंटनांचेही बहुमत लागते. वाद घालायला, मसुदा सुधारायला जागा राहते. कॅलिफोर्नियानेही २०१४ मध्ये ३० दिवसांच्या जाहीर हरकतींची आणि प्रस्ताव मागे घेण्याची सोय केली.

महाराष्ट्रात या कल्पनेचे एक लहान, घट्ट रूप आपल्या ओळखीचे आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की दारूच्या दुकानाबाबत मतदान होते: उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. घरी बसलेली प्रत्येक बाई म्हणजे दुकानाच्या बाजूचे मत. अट जाचक आहे. तिच्यामुळे अनेक लढे हरले असतील. पण प्रश्न एका दुकानापुरता असतो, ज्यांच्या घरात त्याची झळ लागते त्याच तो विचारतात, आणि परिणामही त्यांच्याच दारात उतरतो.

जनोपक्रमाची कसोटी यापेक्षा वेगळी नसावी. सरकारला कोण अडवते, हा अर्धाच प्रश्न झाला. मसुदा कोणी लिहिला, सह्यांचे पैसे कोणी दिले, आणि ज्यांच्या आयुष्यावर निर्णय कोसळणार त्यांना मत होते का, हे मतपत्रिका उघडण्याआधी विचारायला हवे. १९११ मध्ये ते पुरेसे विचारले गेले नाही, आणि त्याची किंमत इम्पिरियल व्हॅलीतल्या शेतकऱ्यांनी भरली.