इंग्रजीतले बारके शब्द

आता आपल्याला मराठी वाचता येऊ लागले. एस.टी.ची पाटी वाचता येते. सातबारा वाचता येतो. पण घरात येणारे सगळेच कागद मराठीत नसतात. औषधाच्या पाकिटावर इंग्रजी असते. कर्जाच्या कागदावर कधी कधी इंग्रजी असते. शहरात नोकरीला लागलेल्या मुलाचे पत्रही कधी इंग्रजीत येते. असा कागद आला की आपण शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारतो, "बाळा, काय लिहिलंय ते वाच बरं."

पोरगा वाचतो. मोठे शब्द अडखळत वाचतो आणि बारके शब्द भरभर वाचून पुढे जातो. आपणही मोठ्याच शब्दांचा अर्थ विचारतो. पण कागदातला खरा जोर पुष्कळदा बारक्या शब्दांतच असतो. मे, मस्ट, शुड, शॅल हे ते शब्द. माय, युवर, हिज, अवर हे त्यांचे भाऊबंद. इंग्रजी अक्षरे येत नसली तरी हे शब्द कानाने ओळखता येतात.

आधी आपली मराठी बघा. मी जाऊ शकतो. ती जाऊ शकते. ते जाऊ शकतात. माणूस बदलला की शब्दाचे शेपूट बदलते. इंग्रजीत या 'शकणे'ला 'कॅन' म्हणतात. आय कॅन गो. शी कॅन गो. दे कॅन गो. पुरुष असो, बाई असो, एक असो की शंभर असोत, 'कॅन' तसाच राहतो. मराठीत 'शकतो' मागून येतो. इंग्रजीत गाडीच्या पुढे बैल असावा तसा 'गो'च्या पुढे 'कॅन' असतो. बाकीचे बारके शब्दही असेच पुढे बसतात आणि कोणासाठी बदलत नाहीत.

आता त्यांचे वजन बघू. यू मस्ट कम, म्हणजे तुम्ही यायलाच पाहिजे. यू शुड कम, म्हणजे तुम्ही यावे, आलात तर बरे. यू मे कम, म्हणजे यायचे असेल तर या, परवानगी आहे. तिन्हींत 'कम' एकच. पण एकात हुकूम आहे, दुसऱ्यात सल्ला आहे, तिसऱ्यात मोकळीक आहे.

या 'मे'चा आणखी एक अर्थ आहे. सर्दीच्या काही गोळ्यांच्या पाकिटावर 'मे कॉज ड्राउझिनेस' असे लिहिलेले असते. येथे परवानगीचा प्रश्न नाही. गोळीने झोप येऊ शकते, असा त्याचा अर्थ. सगळ्यांना येईलच असे नाही, पण येण्याचा संभव आहे. अशी गोळी घेऊन ट्रॅक्टर चालवायला बसू नये.

'नाही' जोडले की जास्त जपावे लागते. मराठीत कोणी म्हणाले, "उद्या यायला नको," तर त्याचे दोन अर्थ होतात. येण्याची गरज नाही, किंवा येऊच नये. समोरच्याच्या सुरावरून आपण ते ओळखतो. इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. 'नीड नॉट' म्हणजे गरज नाही, केले तरी हरकत नाही. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचेच नाही. रक्त तपासण्याच्या आदल्या दिवशी मिळालेल्या चिठ्ठीवर 'मस्ट नॉट ईट' असेल, तर सकाळी चहाबरोबर बटरही खायचे नाही. "नाही खाल्लं तरी चालेल" असा त्याचा अर्थ कोणी केला, तर तपासणी फुकट जाते. गावाहून आलेल्याचे भाडेही फुकट जाते.

कर्जाच्या कागदात आणखी एक शब्द भेटतो, 'शॅल'. कायद्याच्या भाषेत 'शॅल' म्हणजे बंधन, करावेच लागेल. असा कागद वाचून घेताना एवढेच ऐका, की कोणाच्या नावापुढे 'शॅल' येते आणि कोणाच्या नावापुढे 'मे' येते. बहुधा असे दिसेल की कर्ज घेणाऱ्यापुढे 'शॅल' आहे आणि कर्ज देणाऱ्यापुढे 'मे' आहे. म्हणजे हप्ता भरणे हे तुमच्यावर बंधन. व्याज वाढवणे किंवा मुदत देणे त्यांच्या मर्जीवर! 'द बँक मे' असे ऐकले की "बँक देईल" असे समजू नका. बँक देऊ शकते, नाहीही देणार. (कोर्टात कधी कधी 'मे'चा अर्थ 'शॅल' धरतात. पण तो वकिलांचा प्रांत झाला.) सही करण्याआधी असे प्रत्येक वाक्य मराठीत समजावून मागावे. त्यात कमीपणा नाही.

'शॅल' आपल्या बाजूनेही उभा राहतो. संविधानाचे 22 वे कलम घ्या. अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, असे त्यात आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. स्थानबद्धतेच्या कायद्याची गोष्ट वेगळी. मूळ इंग्रजीत तेथे 'मे' नाही, 'शॅल' आहे. 'मे' असता तर ते पोलिसांच्या मर्जीवर राहिले असते.

आता माझे-तुझे. माझा बैल, माझी गाय, माझे वासरू, माझ्या शेळ्या. वस्तू बदलली की आपला 'माझा' बदलतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'माय'. वस्तूचे नाव पुढे नसेल तर मात्र 'माइन' म्हणतात. धिस काऊ इज माइन, ही गाय माझी आहे. 'त्याचा' म्हणजे हिज, 'तिचा' म्हणजे हर. वस्तू पुरुषी की बायकी हे इंग्रजी बघत नाही, फक्त मालक बघते.

पण मराठीत आहे आणि इंग्रजीत नाही, अशी एक गोष्ट आहे. थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला, "ही विहीर आपली आहे," तर विहिरीत धाकट्याचाही वाटा आला. तोच म्हणाला, "ही विहीर आमची आहे," तर धाकटा बाहेर पडला. एवढ्या एका शब्दावर गावात भांडणे होतात. इंग्रजीत दोन्हींना 'अवर' म्हणतात. 'अवर वेल' म्हटल्यावर विहीर नेमकी कोणाकोणाची ते कळत नाही. म्हणून वाटणीचा कागद इंग्रजीत होत असेल, तर 'अवर'वर भागवू नये. प्रत्येकाचे नाव घालून घ्यावे. 'हिज'चेही तसेच. "गणपतने आपला बैल विकला" आणि "गणपतने त्याचा बैल विकला" यांतला फरक आपल्याला लगेच कळतो. दुसऱ्यात बैल कोणा दुसऱ्याचाही असू शकतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज'.

'युवर'मध्ये तर तुझा, तुमचा आणि आपला असे तिघे एकत्र राहतात. पूर्वी इंग्रजीतही 'तू'साठी 'दाऊ' आणि 'तुझा'साठी 'दाय' असे शब्द होते. रोजच्या बोलण्यातून ते केव्हाच गेले. आता कलेक्टरलाही 'यू' आणि पोरालाही 'यू'. मग मान कसा द्यायचा? तो त्या पुढच्या बारक्या शब्दांत घालतात. 'साइन हियर' म्हणजे सही कर. 'कुड यू साइन हियर' म्हणजे जरा येथे सही करता का. शब्दाला शब्द लावला तर "तुम्ही सही करू शकाल का" असे होते. म्हणून कोणी रागावू नये. तुम्हाला सही येते की नाही, असे तो विचारत नाही. तो अदबीने बोलतो आहे.

संविधानाच्या 21 व्या कलमात 'शॅल' आणि 'हिज' दोन्ही आहेत. कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून कोणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे ते कलम आहे. आता 'हिज' म्हणजे 'त्याचा'. मग बाईचे काय? याचे उत्तर 1897 सालच्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहे. अर्थ उलट जात नसेल तर पुरुषवाचक शब्दात स्त्रियाही धराव्यात, असे त्याच्या 13 व्या कलमात लिहिले आहे. संविधानाचा अर्थ लावतानाही तो कायदा लागू पडतो. ते 367 व्या कलमात सांगितले आहे. म्हणजे त्या 'हिज'मध्ये तुमची आई, बायको आणि लेकही आहे.