विंडोजची मक्तेदारी कितपत नैसर्गिक?

एकाच गावात दोन नळयोजना का नसतात? दुसऱ्यांदा नळ पुरण्याचा खर्च परवडत नाही म्हणून. हिला ‘नैसर्गिक मक्तेदारी’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या संगणक-प्रणालीचेही तसेच आहे काय? पहिली प्रत बनविण्यास अफाट खर्च, पुढच्या जवळजवळ फुकट! शिवाय जिचे ग्राहक अधिक, तिच्यासाठीच नव्या आज्ञावल्या लिहिल्या जातात. त्यामुळे ग्राहक आणखी वाढतात. अतिसंपृक्त द्रावणात एक खडा टाकावा आणि त्याभोवती भराभर स्फटिक जमावेत, तसेच हे. इथवर निसर्ग खरा. परंतु नेटस्केपच्या ब्राउझरला रोखण्यासाठी संगणक-उत्पादकांवर जाचक अटी लादणे, यात निसर्ग कुठला? २००१ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला. बेकायदा मार्गांनी मक्तेदारी टिकविल्याचा ठपका मात्र कायम ठेवला.