रायफलीचा दस्ता आणि अचूक नेम

रायफलीचा विषय निघाला की बोलणे होते ते नळीचे, काडतुसाचे आणि नेमबाजाच्या डोळ्याचे. नळी ज्या लाकडात बसविलेली असते, त्या दस्त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु नळी चांगली, काडतूस चांगले, हात सरावलेला, आणि तरीही गोळ्या विखुरतात, तेव्हा दोष पुष्कळदा या लाकडात असतो. बोल मात्र नेमबाजाला लागतो. म्हणून दस्त्यातील बैठकीचा, म्हणजे बेडिंगचा, थोडा विचार करू.

दारू पेटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळ जातो. तेवढ्यात नळी छेडलेल्या तारेप्रमाणे थरथरते आणि तिच्यामागची पोलादी यंत्रणा दस्त्यावर धक्का देते. ही थरथर अजिबात थांबविता येत नाही. ती दर वेळी एकाच तऱ्हेने व्हावी, आणि धक्क्यानंतर यंत्रणा पूर्वीच्याच जागी यावी, एवढे मात्र साधता येते. अचूकतेचे सारे मर्म या सारखेपणात आहे.

उंचसखल जमिनीवर चौरंग मांडला तर तो कधी या पायावर टेकतो, कधी त्या पायावर. दस्त्यातील खाच ओबडधोबड असली की यंत्रणेचे तसेच होते. आणि वाकड्या बैठकीवर स्क्रू आवळले, तर पोलादही किंचित वाकते. हा ‘किंचित’ किती महाग पडतो, पाहा. साठ सेंटिमीटर नळीचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने कलले, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ८ मिलिमीटर सरकते. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफलच्या निशाण्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर आहे! कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले, ते याच अंतरावर.

त्यातून लाकूड हा सजीवाचा अवशेष. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते, उन्हाळ्यात सैल होते. दस्ताही तसाच फुगतो आणि आक्रसतो. फुगलेले लाकूड नळीला एका अंगाने टेकले की काल बरोबर बसलेला नेम आज चुकतो.

ईशापूरच्या कारखान्यातही बनलेली ३०३ ली-एन्फील्ड रायफल याचे चांगले उदाहरण आहे. तिचा धक्का दस्त्याच्या पुढल्या लाकडातील दोन लहान पृष्ठभागांवर येतो. ते झिजले वा चेपले की यंत्रणा डुलू लागते. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे अक्रोडाऐवजी कोचवुड हे मऊ लाकूड वापरले, तेव्हा तेथे तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. या रायफलीची नळी बारीक. म्हणून तिच्या टोकाशी लाकडाने खालून ठरावीक दाब द्यावा अशी योजना होती. जाड नळीच्या रायफलींत उलट रीत चालते: नळी लाकडापासून मोकळी ठेवतात. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य. वाईट तो अनिश्चित स्पर्श.

यावर आजचा उपाय म्हणजे दस्त्यातील थोडे लाकूड कोरून तेथे काचतंतू किंवा धातूची भुकटी मिसळलेले इपॉक्सी भरणे. पोलादाला आधी मेण लावावयाचे, म्हणजे ते चिकटत नाही. मग यंत्रणा त्यात बसवून राळ कडक होऊ द्यावयाची. दंतवैद्य दातांचा ठसा घेतात, तसाच हा यंत्रणेचा ठसा. ओलाव्याने तो लाकडासारखा फुगत नाही. पुष्कळदा स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्याही घालतात, म्हणजे आवळताना लाकूड चेपत नाही.

दोष ओळखण्याच्या साध्या परीक्षा आहेत. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नळी मोकळी असावयास हवी तेथे नळी व दस्ता यांमधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. अडली तर तेथे स्पर्श आहे. दुसरी अशी: नळी व लाकूड यांच्या सांध्यावर बोट ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. नळी उसळल्यासारखी वाटली, तर बैठकीत ताण आहे.

राळेने नळीतील दोष जात नाही, की कच्चा हात पक्का होत नाही. पण नवशिक्याला नेम येत नाही असा शेरा मारण्यापूर्वी त्याच्या हातातील रायफलीची ही तपासणी झाली पाहिजे; तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.