बुकावरची पंधरा वर्षं

नागपूरच्या धरमपेठेत गाड्यांचा विषय निघाला की तट ठरलेले असतात. एकाचं म्हणणं, इंजिन घ्यावं तर जपानी; वेळच्या वेळी ऑइल बदला, दोन लाख किलोमीटर कुठे गेले कळणार नाही. दुसरा दरवाजा लावून दाखवतो : पत्रा बघा, टाटाचा आहे. तिसरा नुकताच विजेच्या गाडीवर आलेला, त्याला बाकी सगळेच धूर सोडणारे वाटतात. पण 15 वर्षं झालेली गाडी गिरीपेठेतल्या आरटीओत पुन्हा पासिंगला न्यायची वेळ आली, की कंपनी बाजूला पडते. ही गाडी ठेवणं हवेला महाग पडेल, की भंगारात देऊन नवी घेणं?

या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या वयात शोधणं मला चुकीचं वाटतं. हिशेब मांडून पाहू. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, पण ते जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. जुनी छोटी गाडी शहरात 15 चा अॅव्हरेज देत असेल, तर किलोमीटरला साधारण 153 ग्रॅम. नवी 20 चा देईल. म्हणजे 115 ग्रॅम. वाचले 38. आता नवी गाडी घडवतानाच पोलाद, अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि कारखान्याची वीज मिळून ढोबळमानाने पाच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असं धरू. गोकुळपेठ बाजार, बँक आणि कधीमधी रामटेक, असं वर्षाला 4000 किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त जोडप्याला हे पाच टन भरून काढायला तीस वर्षांहून जास्त लागतील. तीच गाडी टॅक्सी म्हणून वर्षाला 40,000 किलोमीटर धावत असेल, तर सव्वातीन वर्षं पुरतात.

म्हणून जुनी गाडी निर्दोष ठरते का? मुळीच नाही. कार्बनचा परिणाम साऱ्या जगावर होतो. धूर मात्र झेंडा चौकातल्या मुलाच्या छातीत जातो. बीएस-3 (भारत स्टेज) डिझेल गाडीला किलोमीटरमागे धुरातल्या 50 मिलिग्रॅम कणांची मुभा होती. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मध्ये ती 4.5 आहे. जुन्या डिझेल एसयूव्हीवर कितीही जीव असला, तरी मुलांना शाळेत सोडायला ती वापरू नये.

पेट्रोल गाडीचा धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साफ करतो. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली ही चिनी मातीची जाळी. मधाच्या पोळ्यासारख्या तिच्या बारीक छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. पण ती अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. धरमपेठेतून सीताबर्डीला तीन किलोमीटर जायचं, तर सुरुवातीचा रस्ता जाळी थंडच असते, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. अशा फेऱ्यांसाठी शंकरनगर, एलएडी चौक आणि धरमपेठ कॉलेज या स्थानकांवरून मेट्रो धावते आहे.

कंपनीच्या नावाला प्रमाणपत्र समजू नये, हे जगाने सप्टेंबर 2015 मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी ओळखायचं आणि तेवढ्यापुरताच धूर आवरायचं. आपली पीयूसी चाचणी तर त्याहून सोपी. पेट्रोल गाडी उभ्या जागी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचे, डिझेलच्या धुराचा दाटपणा बघायचा. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत.

गाडी टिकण्याच्या बाबतीत नागपूरचं हवामान देतंही आणि घेतंही. समुद्राची खारी हवा नसल्याने एमएच-31 च्या गाडीचा पत्रा मुंबईच्या गाडीपेक्षा उशिरा गंजतो. पण 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हात बॅटरी लवकर बसते आणि रबर तडकतं. त्याच रबरी नळ्यांना आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोलही सोसायचं आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात : 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी हे आकडे जरूर वाचा.

विजेच्या गाडीचं? मे 2017 मध्ये ओलाने विजेच्या टॅक्सींचा प्रयोग नागपुरातच सुरू केला. देशातल्या सरासरी विजेवर अशी गाडी किलोमीटरमागे 100 ते 120 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडला कारण होते. धूर धरमपेठेतून जातो, पण कोराडीच्या कोळशाच्या चिमण्या आहेतच. बॅटरी घडवताना आणखी दोन-तीन टन हवेत जातात, ते भरून निघायला गाडी भरपूर धावावी लागते. म्हणून ती आधी टॅक्सीवाल्याला मिळावी.

दिल्लीत हरित लवादाने 2014-15 मध्ये डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची सरसकट रेघ ओढली. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी 18 मार्च 2021 ला लोकसभेत मांडलेल्या वाहन-भंगार धोरणात खासगी गाडीसाठी 20 वर्षांनंतर फिटनेस चाचणीवर भर आहे. हे अधिक शहाणपणाचं. पण त्यात धावणंही धरलं पाहिजे. पीयूसी करताना मीटरचा आकडा वाचून नोंदवायला अर्धा मिनिट लागेल. पर्यावरण कर त्या आकड्यावर लावता येईल, आणि दरवर्षीची नोंद राहिली तर सेकंड हँड बाजारात मीटर मागे फिरवणंही अवघड होईल.