आईसाठी मोगरा

गावचं अंगण सोडून रावेतच्या उंच इमारतीत राहायला आलेल्या आईला वाढदिवसाला काय द्यावं? साडी असतेच. मी म्हणेन, मोगऱ्याचं रोप द्या, त्याच्या वासासाठी. डोळ्यांचे, कानांचे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमसकडे जातात. वास मात्र त्याला वळसा घालून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत थेट पोचतो. म्हणून तर एका गंधासरशी जुनं घर डोळ्यांसमोर उभं राहतं! मोगऱ्याची टपोरी कळी दिवेलागणीला उमलू लागते आणि लिनालूल, बेन्झिल ॲसिटेट अशी सुगंधी द्रव्यं हवेत मिसळतात. गॅलरीत भरपूर ऊन येतं का, तेवढं आधी बघा. कुंडीच्या तळाला भोक हवंच. बहर ओसरला की फांद्या छाटा. कळ्या नव्या फुटीवरच धरतात.